विश्लेषण : बायपासनंतर जखम चिघळली तर? डहाणू-तलासरीच्या रुग्णांची अडचण काय?

बायपास यशस्वी होते, रुग्ण घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी छातीवरच्या जखमेतून पाणी येऊ लागते. मुंबईतला रुग्ण अशा वेळी टॅक्सी करून त्याच रुग्णालयात जातो. डहाणू-तलासरीतील पाड्यावरच्या रुग्णाचे सर्जन मात्र मुंबईत किंवा सीमेपलीकडे गुजरातमध्ये असतात. डहाणू रोड ते चर्चगेट हेच अंतर १२० किलोमीटरहून अधिक आहे. पाड्यावरून स्टेशन गाठणे वेगळेच.

जखम का चिघळते?

बायपाससाठी छातीचे मधले हाड उभे कापतात आणि नंतर तारांनी बांधतात. ते जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. त्वचेवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू संसर्गाचे प्रमुख कारण. मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान असेल तर धोका वाढतो. पायाची शीर काढलेली जखमही चिघळते, पण ती बहुधा आटोक्यात येते. हाडापर्यंत गेलेला संसर्ग शंभरात एक-दोघांनाच होतो, पण तो जिवावर बेतू शकतो.

उपचार काय?

संसर्ग वरवरचा असेल तर जखम उघडून साफ करणे, नियमित ड्रेसिंग आणि प्रतिजैविके पुरतात. हे तालुक्याच्या रुग्णालयातही होऊ शकते. मात्र गोळ्या सुरू करण्याआधी पू तपासणीला पाठवायला हवा. गावात आधी इंजेक्शन देऊन मग तपासणी केली, तर नेमका जिवाणू सापडत नाही आणि पुढचे औषध अंदाजाने द्यावे लागते.

ताप, पू किंवा खोकताना हाड ‘कट्’ करून हलल्यासारखे वाटणे, ही खोलवरच्या संसर्गाची लक्षणे. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. तारा आणि खराब झालेला भाग काढतात, जखमेवर हवा खेचणारे यंत्र लावतात, गरज पडल्यास छातीचा स्नायू वळवून पोकळी भरतात. प्रतिजैविके अनेक आठवडे चालतात. हे काम हृदयशस्त्रक्रिया केंद्राचेच.

दिवसांचा हिशेब कुठे चुकतो?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बायपास मोफत होते. योजनेच्या मूळ रचनेत घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा धरलेला आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या निकषांनुसार मात्र बायपासनंतर खोलवरच्या संसर्गावर ९० दिवस नजर ठेवायची असते. मधल्या काळात रोजंदारी बुडवून, सोबत माणूस घेऊन मुंबई गाठायची की नाही, हे रुग्णाच्या घरच्यांनी ठरवायचे. उशीर होतो तो इथे.

गावात काय करता येईल?

फार खर्चाचे काही नाही. डिस्चार्ज कार्डवर धोक्याची लक्षणे मराठीत आणि सर्जनच्या विभागाचा चालू असलेला फोन नंबर. जखमेचा फोटो मोबाइलवरून थेट त्या विभागाकडे. नवजात बाळासाठी आशा सेविका ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी जातात. बायपास झालेल्या रुग्णासाठी असे वेळापत्रक नाही.