गोठ्यातली जीप

२०२४ ची दिवाळी म्हणजे आमच्या जावईबापूंचा पहिला दिवाळसण. सौ.ने महिनाभर आधीपासून याद्या करायला घेतल्या होत्या. अंगठी द्यावी की घड्याळ, चांदीचे ताट द्यावे की नुसता पेला, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीचे लग्न ठरवतानाही झाली नव्हती. आणि पाडव्याच्या सकाळी, ओवाळणी आटोपल्यावर, जावईबापूंनी चकलीचा तुकडा मोडता मोडता सहज विचारले, "बाबा, किन्हवलीकडे तुमच्या मामेभावाकडे एक जुनी जीप आहे म्हणे?"

"आहे," मी म्हटले, "पण तिच्यात कोंबड्या असतात."

"चालेल," जावईबापू म्हणाले.

मला वाटले थट्टा असेल. पण त्यांनी खिशातून फोन काढला आणि एकामागून एक जीपगाड्यांची चित्रे मला दाखवायला सुरुवात केली. हिरव्या, खाकी, लाल. नव्या नवरीसारख्या नटलेल्या. "तुमच्या भावाला साठ हजार देऊ. त्यांच्या दृष्टीने भंगारच ना ते? त्यांना काय कल्पना!"

खोटे कशाला सांगू, मला त्या वेळी आनंदच झाला. साठ हजार हा आकडा अण्णाला मोठा वाटेल, जावयाची हौस भागेल आणि अंगठीचा खर्च वाचेल, असा तिहेरी हिशेब मी मनातल्या मनात करून टाकला. शिवाय ती जीप भंगार आहे हे मत मुळात माझेच होते. २००९ साली मीच अण्णाला म्हटले होते, "कशाला जागा अडवून ठेवली आहेस? शहापूरच्या भंगारवाल्याला बोलाव आणि बावीस हजार घेऊन मोकळा हो." भंगारवाला आलाही होता. पण नेमकी त्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली. वहिनी म्हणाली, पिल्ले निघू द्या, मग न्या. तो गेला तो पुन्हा फिरकला नाही. पुढच्या साऱ्या गोष्टीचे श्रेय त्या कोंबडीला आहे.

आता या गाडीचे कुळ सांगितले पाहिजे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या विलीज कंपनीने आपली लष्करी जीप शेतकऱ्यांच्या कामाची करून विकायला काढली, आणि १९४० चे दशक संपता संपता महिंद्रांनी सुटे भाग आणून मुंबईत तिची जोडणी सुरू केली. पुढे आले ते सीजे थ्री-बी नावाचे मॉडेल. तिचे बॉनेट इतर जीपगाड्यांपेक्षा उंच. नव्या एंजिनाची उंची जुन्या बॉनेटखाली मावेना म्हणून ते वर उचललेले, म्हणजे एकप्रकारे टाचा उंच करून उभी राहिलेली गाडी. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली थांबले. आपल्याकडे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे ते चालू राहिले. माझ्या पिढीने खेड्यात सरकार पाहिले ते याच गाडीतून उतरताना.

मामाची जीप १९६८ सालचीच. एका सरकारी खात्याने लिलावात काढली तेव्हा, १९७९ साली, मामाने ती घेतली. त्या वेळी तिकडे भातसा धरणाचे काम चालू होते आणि गावात कोणी गाडी घेतली की धरणाचा साहेब आला असे समजून पोरे धावत सुटत. मामाने दोन-तीन वर्षांत तिचे साहेबपण उतरवले. मागच्या सीटा काढल्या, पाठ कापली आणि फळ्यांचा हौदा बसवून तिची पिकअप करून टाकली. पेट्रोल परवडेना म्हणून १९८४ साली पोटातले एंजिन काढून जुने डिझेल एंजिन घातले. मग ती जीप गवत वाहू लागली. शहापूर-मुरबाडचे गवत म्हणजे कल्याण, भिवंडी, मुंबईच्या तबेल्यांचा घास; त्याच्या पेंढ्यांखाली गाडी अशी झाकली जाई की लांबून गवताची गंजीच चालत येते आहे असे वाटे. दूध असे, भाताची पोती असत, लग्नाची वऱ्हाडे असत. पौषी पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेला सारा गाव तीतूनच जाई, आणि जत्रेत बैल घेतला तर बैल हौद्यात आणि माणसे पायी, असा परतीचा प्रवास होई. १९९१ च्या जुलैत वहिनीला बाळंतपणासाठी शहापूरला नेत असताना ओढ्याला पाणी आले, गाडी अलीकडेच थांबली आणि पोरगा हौद्यातच जन्मला. ताडपत्री धरून उभ्या असलेल्यांत मीही होतो. तोच पोरगा आज स्वतःची नवी पिकअप चालवतो. संध्याकाळी भेंडी भरायची आणि रात्री बाजारात पोचवायची.

दिवाळी संपल्यावरच्या रविवारी जावईबापू आणि मी कल्याणहून निघालो. मुरबाडवरून सरळगाव, तिथून किन्हवली, आणि येताना शहापूरवरून आग्रा रोडने परत, असा बेत होता. मुरबाडला चहा घ्यायला थांबलो, तर शेजारच्या गॅरेजात तीन जीपगाड्या उभ्या! एकीचे नुसते सांगाडे, दुसरीला रंगाचा पहिला हात, तिसरी तयार. मी सहज मिस्त्रीला विचारले, "तयार असलेली केवढ्याला?"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सहा लाख. पण गेली ती. नाशिकचे गिऱ्हाईक आहे."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. सहा लाखांत तर नवी छोटी मोटार येते! मिस्त्री मात्र थंडपणे समजावू लागला. नव्या थारगाड्या निघाल्यापासून, विशेषतः २०२० सालचे मॉडेल आल्यापासून, लोकांना तिच्या आजीची आठवण झाली आहे. आजी तर आता कारखान्यात जन्माला येत नाही. हरियानात मंडी डबवाली म्हणून गाव आहे, तिथे जुन्या-नव्या भागांतून हुबेहूब जीप जुळवून देतात. त्यामुळे दिसायला जीप पुष्कळ झाल्या, पण जिचा चासी नंबर आणि कागद एकमेकांना ओळखतात अशी खरी जीप दुर्मीळ. "साहेब, किंमत लोखंडाची नाही, कागदाची," तो म्हणाला. मी न राहवून विचारले, "समजा पाठ कापलेली, डिझेल एंजिन घातलेली, बरीच वर्षे उभी, पण आर.सी. पुस्तक आहे?" त्याने क्षणभर आकाशाकडे पाहिले. "दोन ते अडीच. जागेवरून उचलून."

हे सारे जावईबापूंनीही ऐकले. गाडीत बसल्यावर ते एवढेच म्हणाले, "बाबा, हे लोक सांगतातच वाढवून." सरळगाव येईपर्यंत आम्ही दोघे भाताच्या कापलेल्या शेतांकडे पाहत बसलो. जावईबापू माणूस वाईट नाही. अमेरिकेतसुद्धा शेतकऱ्यांनी राबवून टाकून दिलेले १९४७-४८ नंतरचे शेवर्ले आणि फोर्ड पिकअप आता लिलावात मोठ्या किमतीला जातात, हे त्यांनीच मला रस्त्यात सांगितले. दुसऱ्याची टाकलेली वस्तू हौसेने उजळावी यात गैर काय? गैर होते ते त्या 'त्यांना काय कल्पना' या तीन शब्दांत. आणि ते शब्द ऐकून मी पाडव्याला हसलो होतो.

अण्णाने आमचे स्वागत भाकरी, भेंडीची भाजी आणि तांबड्या रश्श्याने केले. जीप गोठ्यामागे होती तशीच होती. टायर जमिनीत रुतलेले, हौद्यात पेंढा, स्टिअरिंगवर एक कोंबडा. जावईबापू तिच्याभोवती तीनदा फिरले. मी अण्णाला बाजूला घेऊन विषय काढला. तर अण्णा काय म्हणाला असेल?

"जावयाकडून पैसे घ्यायचे? काय बोलतोस! घेऊन जाऊ दे की. पहिला सण आहे त्यांचा."

वाचकहो, अशा वेळी काय करावे? एका शब्दाने सारे सुरळीत झाले असते. जावई खूश, मुलगी खूश, सौ. खूश, अण्णासुद्धा खूश. आणि तेवढ्यात वहिनी पाणी देता देता म्हणाली, पोराच्या पिकअपचे तीन हप्ते थकले आहेत, फायनान्सवाले दोनदा येऊन गेले.

मी अण्णाला म्हटले, "जावई माझा आहे. दिवाळसण मी करायचा. ही गाडी अडीच लाखांची आहे, त्याखाली कोणाशी बोलू नकोस. जावयाशीसुद्धा नाही." हे मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण बॉनेटपाशी वाकलेले जावईबापू सरळ उभे राहिले.

अण्णा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तूच तेव्हा बावीस हजार म्हणाला होतास ना?"

"चुकलो होतो," मी म्हटले.

मग ट्रंक उघडली. आर.सी. पुस्तक निघाले: तीन अक्षरी जुना नंबर, पानांना वाळवी, मालक म्हणून अजून मामाचेच नाव. मामा १९९८ साली गेला. नोंदणीची मुदत २००४ साली संपलेली. म्हणजे आधी वारसाच्या नावावर करायची, मग फेरनोंदणी. जावईबापूंना यातला कायदा पाठ होता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरात व्ही.ए. ही अक्षरे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि अशी गाडी धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. गंमत अशी, की त्याच्या पुढच्याच महिन्यात जुन्या गाड्या भंगारात काढण्याचे धोरण जाहीर झाले. विशीतल्या गाडीने तपासणीला सामोरे जावे आणि नापास झाल्यास भट्टी गाठावी. तीच कशीबशी पन्नाशीला पोचली तर तिचा सत्कार! माणसांचेही थोडेफार असेच असते, पण ते असो.

अण्णाच्या जीपला मात्र तो मान मिळणार नव्हता. नियमाप्रमाणे गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, एंजिन यांत मोठा फेरफार नको. मामाने तर तिन्ही ठिकाणी हात घातलेला. पाठ कापली म्हणून तिने बारा-पंधरा वर्षे गवत वाहिले, घर चालवले. आणि पाठ कापली म्हणूनच तिची किंमत सहाची अडीच झाली. अण्णाला हे समजावून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग पाठ कापायच्या ऐवजी काय करायला हवे होते? झाकून ठेवायला हवी होती?" याला जावईबापूंजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते.

परतताना शहापूरला मी मुद्दाम त्या जुन्या भंगारवाल्याकडे गाडी थांबवायला लावली. तोच माणूस, केस पांढरे झालेले. दुकानात फळीवर, देवासमोर ठेवावे तसे, एक जुने बॉनेट पुसून ठेवले होते. मी किलोचा भाव विचारला, तर तो हसला. "जीप आता वजनावर नाही घेत कोणी, साहेब. एकेक भाग मोजून विकायचा." २००९ साली अण्णाची गाडी त्याने नेली असती तर गॅस-कटरने तासाभरात तिचे तुकडे झाले असते, हेही त्यानेच सांगितले. तेव्हाच्या किती जीपा त्याच्याकडे अशा गेल्या ते त्याला आठवत नव्हते.

वासिंद मागे पडल्यावर जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्ही माझ्या बाजूने आला होतात ना?"

"मलाही तसेच वाटले होते," मी म्हटले.

मुरबाडच्या मिस्त्रीनेच पुढे गिऱ्हाईक आणले. २०२५ च्या मार्चात, वारसाची कागदपत्रे पुरी करून, जीप दोन लाख पस्तीस हजारांना गेली. फेरनोंदणी घेणाऱ्याने करायची असे ठरले. तोवर हलक्या मोटारीला तिची फी पाच हजार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती दहा हजार झाली, तेव्हा त्या गृहस्थाने लवकर हालचाल केली असली म्हणजे बरे. जीप क्रेनने उचलली तेव्हा खाली अंड्यांची टरफले आणि मामाचा हरवलेला पाना सापडला. हप्ते फिटले, गोठ्याची कौले बदलली, उरलेले पैसे सुनेच्या नावावर टाकले, असे अण्णाने फोनवर सांगितले. आणि कोंबड्यांसाठी खुराडे बांधावे लागले, तो एक भुर्दंड.

जावईबापू माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. मुलगी मात्र बोलत होती, आणि ते जास्त कठीण गेले. आता दिवाळी पुन्हा आली आहे. सौ. म्हणते या खेपेला काही न विचारता सरळ घड्याळ द्यावे. पण परवा जावईबापूंनी फोनवर सहज विचारले, अण्णांकडे जुना पितळी बंब आहे का. मी म्हटले, विचारून सांगतो. आधी मुरबाडच्या बाजारात जाऊन त्याचा भाव काढणार आहे.