उसन्या मानाचा धूर

मे महिन्याचा शेवटचा दिवस उजाडतो तेव्हा लोह्याच्या शिवारात नांगरून-वखरून ठेवलेली रानं तापत मृगाची वाट पाहत असतात, कृषी सेवा केंद्रांपुढे सोयाबीनच्या बियाण्याच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि गावात सकाळपासूनच पिवळे झेंडे फडकू लागतात. ३१ मे ही पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांची जयंती. माळेगावचा खंडोबा ज्या तालुक्यात नांदतो, तिथे ही जयंती कुणाला शिकवावी लागत नाही. भंडारा आपोआप उधळला जातो, मिरवणूक आपोआप निघते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ साली ठराव करून हीच तारीख तंबाखूविरोधी दिन म्हणून मुक्रर केली. तो दिवस मात्र आपल्याकडे येतो तो सरकारी दवाखान्यातल्या एका फलकापुरता, आणि दुसऱ्या दिवशी फलकाची सुतळी सोडली की निघूनही जातो. दोन्ही प्रसंग एका दिवशी यावेत हा निव्वळ योगायोग. तरी योग आलाच आहे, तर या दोहोंकडे एकत्र पाहायला काय हरकत आहे?

अहिल्यादेवींच्या कारभाराची एक गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या लेकरांनाही ठाऊक असते. राज्य त्यांनी शंकराचे मानले आणि हुकूम सुटत तो ‘श्रीशंकर आज्ञेवरून’. देवाचे नाव घ्यायचे ते स्वतःला त्या नावाच्या धाकात ठेवण्यासाठी, अशी ती रीत. नाव उसने घेण्याची आणखीही एक रीत गेल्या शंभर वर्षांत आपल्या अंगवळणी पडली आहे, आणि आज हिशेब मांडायचा तो तिचा. तंबाखूला स्वतःची अशी इभ्रत काहीच नाही. पहिल्या झुरक्याला ठसका लागतो, पहिल्या बाराला डोके गरगरते, आणि कोणतेही लेकरू आपण होऊन दुसऱ्यांदा तिच्या वाटेला जाणार नाही. म्हणून ती विकणाऱ्याला इभ्रत बाहेरून आणावी लागते, आणि ती तो आपल्याच घरातून उचलतो.

आपला मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत वजीर सुलतान टोबॅको कंपनीने जी सिगारेट चालवली तिचे नाव चारमिनार. ज्याने हैदराबाद डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्या गडीमाणसालाही राजधानी खिशात घेऊन हिंडल्याचा डौल त्या पाकिटाने दिला. पलीकडे संगमनेरच्या जर्द्यावर गाय आली. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला चित्रावरून पुडी मागता यावी हा त्यातला व्यवहार, पण चित्र निवडले ते गोठ्यात आपण जिच्या पाया पडतो तिचे. आणि पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीच्या बिडीवर तर कित्येक दशके छत्रपती संभाजी महाराजांचे नाव होते. २०२० साली त्यावरून आंदोलन पेटले, कंपनीने नाव बदलायचे कबूल केले आणि बिडी ‘साबळे बिडी’ झाली. झाले ते रास्तच. राजांचे नाव छापलेला कागद रस्त्यात पायदळी जावा, हे कुणाला सोसेल? मात्र त्या साऱ्या गदारोळात, तीच बिडी ओढणाऱ्याच्या छातीचे काय, हा प्रश्न फारसा कुणाच्या ओठांवर आला नाही. नाव सुटले याचे समाधान आपण मानले. धूर तसाच राहिला.

क्रिकेटची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९६ चा विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत झाला तो विल्स या सिगारेटच्या नावाने, आणि पुढे २००१ साली तिच्या कंपनीने, आयटीसीने, प्रायोजकत्वातून अंग काढून घेईपर्यंत भारतीय संघाच्या सदऱ्यावरही तेच नाव झळकत होते. तंबाखूची जाहिरात करणार नाही असा शब्द सचिन तेंडुलकरने वडिलांना दिला होता आणि तो पाळला, हे त्याने अनेकदा सांगितले आहे. संघाचा सदरा मात्र त्यालाही घालावा लागलाच. एका टीव्हीभोवती दाटीवाटीने बसून सामने पाहिलेल्या आपल्या पिढीला कुणी ‘सिगारेट ओढा’ असे एकदाही म्हटले नाही. षटकार आणि ते नाव एकाच चौकटीत शेकडो वेळा दिसत राहिले, इतकेच. जाहिरातीला एवढे पुरते. धूम्रपान न करणाऱ्या मुलांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून केलेल्या १९ अभ्यासांचा कॉक्रेन या संशोधनसंस्थेचा आढावा २०११ साली आला. त्यात २९ हजारांहून अधिक मुले होती, आणि निष्कर्ष असा की ज्यांच्या डोळ्यांपुढे या जाहिराती अधिक आल्या, ती पुढे धूम्रपानाकडे वळण्याची शक्यता अधिक होती.

कायद्याने हे दार बंद केले, असे आपण म्हणतो. तंबाखूवरचा कायदा २००३ चा, आणि जाहिरातबंदीचे त्यातले कलम लागू झाले १ मे २००४ ला, म्हणजे नेमक्या महाराष्ट्रदिनी. तेव्हापासून वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून, रस्त्यांवरच्या फलकांवरून सिगारेट उतरली. उरली ती टपरी. बसस्थानकासमोरच्या कोणत्याही टपरीपुढे क्षणभर थांबून पाहावे: वरून खाली सोडलेल्या पुड्यांच्या झगझगीत माळा, हिरव्या, लाल, सोनेरी, मध्ये चुन्याची डबी, काउंटरवर गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या आणि त्यांना खेटून सिगारेटची पाकिटे, बाजूला खांबाला लोंबणारी सुंभाची धुमसती दोरी. माळेचे खालचे टोक नेमके चौथी-पाचवीतल्या पोराच्या डोळ्यांच्या रेषेत येते. विक्रीच्या जागी सूचनाफलक लावायला कायद्याने ६० बाय ४५ सेंटिमीटरची मर्यादा घातली, त्यावर छापाचे नाव नको असेही सांगितले; पण मालाची आरास हीच जाहिरात झाली तर टेप लावायचा कुठे?

इथे एक गोष्ट सरळ कबूल करायला हवी. सगळे खापर जाहिरातीवर फोडणे सोपे आहे, पण खरे नाही. आपल्या आज्या पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावत, ती कोणत्या फलकाने शिकवली नव्हती. सासूकडून सुनेकडे ती आली. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलणे सुरू होते ते तळहातावर मळलेली चिमूट पुढे करूनच. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात ३.८ निघाले, देशाच्या १०.७ च्या मानाने कितीतरी कमी. आणि धुराविना तंबाखू घेणारे तब्बल २४.४. म्हणजे आपला नाद तोंडातला आहे, आणि तो नाद आपल्या आदरातिथ्याच्या पोटात वाढलेला आहे. जाहिरातदाराने नवे काही पेरले नाही. जमीन आधीच भुसभुशीत होती, त्याने तिच्यावर आपली पाटी रोवली.

आता ती पाटी वेलचीची आहे. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, आणि टपरीवर पानमसाल्याची एक व तंबाखूची एक अशा दोन पुड्या वेगवेगळ्या मिळू लागल्या. गिऱ्हाइकाने तोंडात एकत्र केल्या की काम झाले. पडद्यावर मात्र वेलची, केशर, चांदीचा वर्ख आणि बड्या नटांचे हसू. २०२१ साली अमिताभ बच्चन अशा एका जाहिरातीतून बाहेर पडले, २०२२ च्या एप्रिलमध्ये अक्षय कुमारने चाहत्यांची माफी मागून दुसरी सोडली. त्या जाहिराती काही बंद झाल्या नाहीत, चेहरे तेवढे बदलले. आणि सिनेमा सुरू होण्याआधी तंबाखूविरोधी सूचनेत ज्याचा चेहरा दाखवला जायचा तो आपल्याच भुसावळचा मुकेश हराणे, २००९ च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाने गेलेला. त्याच्या त्या आर्जवाची काळोखात नक्कल करून आपली पोरे हसली, आणि आपणही त्यांना गप्प केले नाही. नटाचे हसू आपण खरे मानले आणि मुकेशचे दुखणे थट्टेवारी नेले. जाहिरातीचा जोर कुठवर पोचला आहे, ते यावरून समजावे.

तेव्हा ३१ मे आला की आपण तपासायचे ते आपण उसने काय काय देतो हे. भिंत देतो का? नाव देतो का? मिरवणुकीची कमान, कुस्तीचा फड, कबड्डीचे मैदान देतो का? आणि याहून जवळचे म्हणजे घरातले लेकरू. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकू नये, शाळेपासून शंभर यार्डांत दुकान नसावे, हे कायद्यात आहे. आणि तरी दुपारच्या उन्हात पाय भाजवायचा कंटाळा येऊन पोराच्या हातात नोट ठेवून “जा रे, पुडी घेऊन ये” असे सांगणारे आपणच. कोणती, हे त्याला सांगावेही लागत नाही. बाराखडी पुरी व्हायच्या आत रंगावरून छाप ओळखणारे ते लेकरू कंपनीने शोधून काढलेले नाही, आपण पाठवलेले आहे. ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. तो पाकिटावर छापलेला असतो, पण लावून द्यायला घरातले कुणीतरी शेजारी बसावे लागते.

महिन्याभरात पेरण्या उरकतील. मग पोळा, गणपती, नवरात्र, आणि मार्गशीर्षात माळेगावची यात्रा. मंडळांची पावतीपुस्तके त्याआधीच छापायला जातात. वेलचीच्या नावाने येणारी देणगी घ्यायची की नाही आणि कमानीवर कुणाचे नाव लागू द्यायचे, हे मंडळाच्या पहिल्या बैठकीतच ठरवून टाकलेले बरे. एकदा कमान उभी राहिली की मग कुणी कुणाला बोलत नाही.