विश्लेषण : लिनक्सवर एसएसडीचा वेग कमी का दिसतो? दोष डिस्कचा की चाचणीचा?

‘विंडोज 10’चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. ‘विंडोज 11’साठी टीपीएम 2.0 आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील जुन्या संगणकांसाठी एक स्वस्त तोडगा उरतो : हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची आणि उबंटू, मिंट किंवा सी-डॅकची ‘बॉस’ अशी लिनक्स प्रणाली टाकायची. मात्र वेगाची चाचणी घेतली की आकडा खोक्यावरच्या आकड्याशी जुळत नाही. वर्धा, आर्वी किंवा हिंगणघाटच्या ग्राहकाने डिस्क नागपूरहून आणली असेल, तर बदलून घ्यायला पुन्हा हेलपाटा. तो मारण्याआधी काय तपासावे?

खोक्यावरचा आकडा कशाचा?

त्यावरचा ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. तो वेग मोठी फाइल सलग वाचताना किंवा लिहिताना मिळणारा कमाल वेग असतो. संगणक सुरू होताना मात्र 4 किलोबाइटसारखे लहान तुकडे विखुरलेल्या जागांवरून वाचले जातात. तिथे त्याच डिस्कचा आकडा कितीतरी पटींनी कमी येतो. तो दोष नव्हे.

जुन्या संगणकाची मर्यादा कोणती?

साटा-3 जोडणीचा वेग सेकंदाला 6 गिगाबिट, म्हणजे जास्तीत जास्त 600 मेगाबाइट. प्रत्यक्षात सुमारे 550. जुन्या लॅपटॉपमध्ये साटा-2 असेल तर तो निम्म्यावर येतो. एम.2 आकाराची प्रत्येक डिस्क एनव्हीएमई नसते. काही साटाच्याच असतात. जोडणी किती वेगाने झाली, हे साटासाठी ‘डीमेसेज’ आणि एनव्हीएमईसाठी ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने कळते.

चाचणी कुठे फसते?

‘डीडी’ ही आज्ञा साधी वापरली, तर लिनक्स माहिती आधी रॅममध्ये ठेवते आणि काम झाल्याचे सांगते. मोजला जातो तो रॅमचा वेग. साटा डिस्कने सेकंदाला 2 गिगाबाइट दाखवले, तर चाचणी चुकली असे समजावे. ‘फिओ’ हे साधन ‘डायरेक्ट’ पर्यायासह वापरल्यास रॅमचा आडपडदा दूर होतो. मात्र फिओची लेखन चाचणी फाइलवरच घ्यावी. थेट संपूर्ण डिस्कचे नाव दिले तर तिच्यावरील माहिती पुसली जाते.

लिहिता लिहिता वेग का कोसळतो?

बहुतेक स्वस्त डिस्क सुरुवातीचे लेखन एका वेगवान राखीव भागात करतात. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. काही क्यूएलसी डिस्क तर 100 मेगाबाइटच्या आसपास येतात. डिस्क गच्च भरलेली असेल तर हा भागही आक्रसतो. रिकाम्या झालेल्या जागेची माहिती डिस्कला देणारी ‘ट्रिम’ची साप्ताहिक सोय सुरू आहे का, हेही पाहावे.

दुसरे कारण उष्णता. मे महिन्यात 45 अंश वर्ध्याला नवे नाहीत. हवा न खेळणाऱ्या लॅपटॉपमधील एनव्हीएमई डिस्क तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. दुपारी आणि पहाटे एकच चाचणी घेऊन, ‘स्मार्ट’ नोंदीतील तापमान पाहिले की हे स्पष्ट होते.

कंपन्यांकडूनही बदल होतात का?

होतात. 2021 मध्ये डब्ल्यूडीच्या ‘ब्लू एसएन550’ या डिस्कमधील फ्लॅश चिप त्याच नावाखाली बदलल्याचे समोर आले. राखीव भाग भरल्यानंतरचा लेखनवेग 610 वरून 390 मेगाबाइटवर आला होता. जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांवर परिणाम होणारा बदल केल्यास यापुढे नवा मॉडेल क्रमांक देऊ, असे कंपनीने नंतर सांगितले.

तक्रार कधी करावी?

जोडणी योग्य, डिस्क अर्धी रिकामी, तापमान सामान्य आणि फिओने मोजलेला सलग वाचनाचा वेग तरीही दाव्याच्या जवळपास नसेल, तर तक्रारीला आधार आहे. क्षमता कमी भरणे किंवा ‘स्मार्ट’ नोंदीत त्रुटी दिसणे ही कारणे तर अधिक भक्कम. पावती आणि चाचणीची छायाचित्रे जपून ठेवावीत. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. तिथे ‘संगणक हळू चालतो’ एवढे म्हणून भागत नाही. कोणती चाचणी, कशी घेतली, हे दाखवावे लागते.