सायटिका: खाट नको, चाल हवी आणि ओझे हलके हवे

"मणक्यात गॅप आलाय", "नस चढलीय", "नस दबलीय". कंबरेतून निघून नितंब, मांडी, पोटरी आणि थेट पावलापर्यंत कळ जाऊ लागली की आपल्याकडे साधारण हेच बोलले जाते. शेलार आणि भिवंडी परिसरात यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे, गोदामात गोणी-खोकी उचलणारे, टेम्पो-ट्रक चालवणारे लोक खूप आहेत. त्यामुळे हे दुखणे इथे घराघरांत ओळखीचे आहे.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कंबरेच्या खालच्या भागातून निघणारी अनेक मुळे एकत्र येऊन ती तयार होते. दोन मणक्यांमध्ये गादी असते. ती सरकली किंवा फुगली की या मुळावर दाब येतो, शिवाय तिथे सूजही येते. दुखण्याचे मूळ कंबरेत असते, पण कळ पायात जाणवते. खोकताना, शिंकताना ती वाढते. 'गॅप' हा शब्द मात्र फसवा आहे. गादी झिजल्यावर मणक्यांमधले अंतर वाढत नाही, उलट कमी होते. आणि नस 'चढत' नाही, त्यामुळे जोरात चोळून किंवा पाठीवर पाय देऊन ती 'बसवता'ही येत नाही.

आता माझे स्पष्ट मत. या आजारात दुखण्याइतकेच नुकसान भीतीमुळे होते.

पहिली भीती एमआरआयच्या रिपोर्टची. काहीही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी जवळपास निम्म्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. म्हणून धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिल्या काही आठवड्यांत तपासणीवर हजारो रुपये घालवू नका.

दुसरी भीती हालचालीची. महिनाभर खाटेवर पडून राहिल्याने सायटिका लवकर बरा होत नाही, उलट स्नायू ढिले पडतात. रोजंदारीवाल्याचे तर घरच बंद पडते. कळ फार असेल तर एक-दोन दिवस आराम करा, मग दर तासाला पाच-दहा मिनिटे चाला. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. शेकाने बरे वाटत असेल तर जरूर शेका. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मेडिकलमधून मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोट आणि किडनी बिघडवू शकतात. बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत चांगला उतार पडतो. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. तिने आराम लवकर मिळतो, पण वर्षभरानंतर दोन्ही बाजूंचे रुग्ण बहुधा सारखेच बरे असतात.

मात्र पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा:

• लघवी अडकणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे
• जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा
• पाऊल उचलता न येणे, चप्पल आपोआप निसटणे
• दोन्ही पायांतली ताकद कमी होणे
• सोबत ताप, वजन घटणे किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणे

आता राहिला प्रश्न कामाचा. "वाकू नका, वजन उचलू नका" असे चिठ्ठीवर लिहिणे सोपे आहे. पण हमालाने ते पाळायचे कसे? वजन शरीराजवळ धरा, गुडघ्यात वाका, उचलताना कंबर पिळू नका, हे त्याला सांगायलाच हवे. पण गोणीचे वजन तो ठरवत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदाही आहे. तरीही सर्व भार शेवटी एकाच्या कंबरेवर येतो.

म्हणून मला वाटते, सायटिकाच्या उपचाराचा अर्धा भाग मालक आणि मुकादमाच्या हातात आहे. हातगाडी द्या, जड बीमला दोन माणसे लावा, बरा होणाऱ्या माणसाला काही आठवडे हलके काम द्या. त्याला कामावरून काढून टाकणे हा काही उपाय नाही. चालता-फिरता माणूस लवकर बरा होतो, पण त्याला चालू देणारे काम आधी मिळायला हवे.