चाळीस शिलिंगवाल्यांचं काय झालं?

१३ एप्रिल १८२९ ही तारीख. ब्रिटिश पार्लमेंटचं दार त्या दिवशी कॅथलिकांना उघडलं. पुस्तकं याला 'कॅथलिक मुक्ती' म्हणतात. त्याच दिवशी आणखी एक कायदा मंजूर झाला. तो पुस्तकात एका ओळीत उरकतात. मला त्या ओळीबद्दलच बोलायचंय.

आयर्लंडात दहातली आठ माणसं कॅथलिक. जमीन, कोर्ट, पार्लमेंट मात्र प्रॉटेस्टंटांची. १६९५च्या कायद्याने कॅथलिकाला पाच पौंडांवरचा घोडा बाळगायला बंदी! घोड्याचं दुखणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. वरातीत घोड्यावर बसला म्हणून आपल्या पोराला आजही खाली ओढतात.

१७२८ साली मतही काढून घेतलं. १७९३ला परत दिलं, कारण फ्रान्सशी लढाई लागली होती आणि माणसं हवी होती. वर्षाला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड सुटतील एवढा पट्टा असलेल्या कुळाला मत. मत तोंडाने द्यायचं, सगळ्यांदेखत. जमीनदार खूश. जितकी कुळं तितकी मतं खिशात.

मग १८२३ साली डॅनियल ओकॉनेल या वकिलाने कॅथलिक असोसिएशन काढली. पुढच्या वर्षापासून महिन्याला एक पेनी वर्गणी. बटाट्यावर जगणाऱ्यानेही ती दिली. आणि जुलै १८२८मध्ये क्लेअरच्या पोटनिवडणुकीत हीच खिशातली कुळं जमीनदारासमोर उभी राहिली आणि ओकॉनेलचं नाव मोठ्याने घेतलं. २०५७ विरुद्ध ९८२! उद्या घराबाहेर काढतील हे ठाऊक असून. वेलिंग्टन आणि पील घाबरले. यादवी नको म्हणून मुक्ती दिली.

पण किंमत कुणाकडून घेतली? मताची अट दोन पौंडांवरून दहावर नेली. आयर्लंडच्या परगण्यांतले मतदार दोन लाखांवरून चाळीस हजारांच्याही खाली आले. ज्यांनी दार फोडलं त्यांनाच साल्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं. ओकॉनेलला जुनी शपथ घेऊन बसायला लावत होते, त्याने नाकारली, म्हणून जुलै १८२९मध्ये पुन्हा निवडून यावं लागलं. बिनविरोध आला. त्याला पहिल्यांदा निवडून देणारे बहुतेक आता मतदारच नव्हते.

ओकॉनेल भेकड नव्हता. पण १८२५च्या वाटाघाटीत हाच सौदा त्याने एकदा मान्य केला होता, नंतर चूक कबूल केली. १८२९ला विरोध केला, पण गावं पेटवली नाहीत. वकील, व्यापारी, थोडे जमीनवाले यांची कामं झाली होती ना!

बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढे गेले ते मताची अट खाली आणा म्हणत. १९२८ला सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रत्येक सज्ञान माणसाला मत मागितलं. आपल्यातल्या चार शिकलेल्यांना मिळालं की बस, असं ते म्हणाले नाहीत. आज आपले काही आमदार तसंच वागतात, त्यांनी क्लेअर वाचावं.

चाळीस शिलिंगवाला मात्र प्रॉटेस्टंट चर्चला पिकाचा दशांश देतच राहिला. डिसेंबर १८३१मध्ये किल्केनीतल्या कॅरिकशॉकला लोकांनी दशांशाच्या नोटिसा घेऊन आलेल्यांना आणि पोलिसांना घेरलं. दोन्हीकडची माणसं पडली. १८३८ला सरकारने दशांश जमीनदाराच्या नावावर टाकला. जमीनदाराने तो खंडात घातला आणि कुळाकडूनच वसूल केला.