लाकूड फोडायचे यंत्र घ्या, पण वाडीसाठी घ्या

गॅस आला म्हणजे सरपण संपले, असे शहरात बसून वाटते. कोकणातल्या वाडीत मात्र तसे झालेले नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गरिबाघरी सिलिंडर आले, चहा-भाजी गॅसवर गेली. पण न्हाणीतले पाणी तापवायला, भात उकडायला, गुरांचे आंबोण शिजवायला आणि लग्नकार्याच्या पंक्तीला अजून लाकूडच लागते. म्हणून आगोटीआधी लाकूडफाटा भरून ठेवणे हे इथल्या घरांचे दरवर्षीचे काम आहे, आणि ते चुकले तर पावसाळाभर धुरात डोळे चोळावे लागतात.

हे काम करायचे कुणी, हा आजचा खरा प्रश्न आहे. तरणी माणसे मुंबई-पुण्याला. घरात उरली साठीपुढची जोडपी. बारीक काटक्या गोळा होतात, पण आंब्याचा नाहीतर अकेशियाचा जाड ओंडका फोडायचा म्हणजे घण, पाचर आणि खांद्यात जोर हवा. मजूर सांगावा तर वेळेवर मिळत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत हजारो झाडे आडवी झाली. फांद्या लोकांनी उचलल्या, बुंधे मात्र कितीतरी परड्यांत तसेच पडून वाळवीच्या तोंडी गेले. लाकूड होते, फोडणारा हात नव्हता.

आता विजेवर चालणारी घरगुती हायड्रॉलिक यंत्रे बाजारात मिळतात. त्यांना आमचा विरोध नाही. सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या हातातली कुऱ्हाड सुटत असेल तर यंत्राचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो कोणते घ्यावे आणि कुणी घ्यावे, हा.

यंत्राची करामत साधी आहे. पंप तेलावर दाब देतो, तेल दट्ट्याला ढकलते आणि ओंडका पाचरीवर दाबला जातो. चार इंच व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो दाब आला तर जोर होतो सुमारे १६ टन. घरगुती यंत्रे साधारण पाच ते सात टनांची आणि दोनेक अश्वशक्तीच्या मोटारीची असतात. वीतभर जाडीच्या सरळ ओंडक्याला ती पुरतात. गाठी-बेचक्यांच्या लाकडाला पुरत नाहीत. दुकानदार टनाचा आकडा मोठ्याने सांगतो, पण आपण त्याला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. किती लांबीचा ओंडका बसतो? दट्ट्या जाऊन परत यायला किती सेकंद लागतात? आणि सील फाटले तर ते तालुक्याच्या गावी मिळते का? तिसऱ्याचे उत्तर ‘मागवून देतो’ असे आले, तर पैसे परत खिशात घालावेत.

आणखी एक. हे यंत्र लाकूड उभे फाडते, आडवे कापत नाही. ओंडके हातभर लांबीचे करायला करवत लागणारच, तो खर्च वेगळा. मोटारीला पंधरा-सोळा अँपिअरचा प्लग आणि जाड वायर हवी. परसात नेण्यासाठी बारीक वायरीचे वेटोळे जोडले आणि त्यात व्होल्टेज पडलेले असले, तर मोटार जळते.

सुरक्षेचे म्हणाल तर चांगले यंत्र दोन्ही हात गुंतल्याशिवाय चालतच नाही. ही सोय बोटे वाचवण्यासाठी आहे. आपल्याकडे ‘कशाला दोन हात?’ म्हणून एक दांडा सुतळीने बांधून ठेवतात, नाहीतर एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने दांडा दाबायचा असे चालते. बोटे जातात ती अशीच. यंत्राशी एकावेळी एकच माणूस, हा नियम मोडू नये. तेल गळतेय का हे बोट लावून पाहू नये, दाबाखालचे तेल कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. ट्रॅक्टरला जोडायचा, फिरत्या आट्यांचा शंकू असलेला स्वस्त प्रकार तर दारातही आणू नये. त्यात पदर किंवा बाही सापडली तर थांबवायला वेळ मिळत नाही.

आता हिशेब पाहू. एका घराला पाण्यासाठी रोज पाच किलो लाकूड धरले, तर पावसाच्या चार महिन्यांचे होते सुमारे ६०० किलो. यंत्र ते एका दिवसात फोडून देईल. मग उरलेले ३६४ दिवस? खाऱ्या हवेत ते पडवीत गंजत राहील. दट्ट्याच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले की सील कापते आणि पुढल्या साली तेल जमिनीवर. एका घराने एका दिवसासाठी एवढा पैसा अडकवणे हा शहाणपणा नव्हे. पण तीस घरांची वाडी असेल तर तेच यंत्र महिनाभर राबेल आणि घरामागे खर्च किरकोळ येईल. वाडीची मोठी भांडी आणि जाजमे आपण सामायिक ठेवतोच ना? मग यंत्र का नको?

‘भागीचे घोडे किवणाने मरते’, असे कुणी म्हणेल. खरे आहे. म्हणून मालकी वाडीची असली तरी चालवणारा एकच असावा, त्याला ठरलेली मजुरी द्यावी आणि तेल-सीलसाठी दर घरामागे थोडी रक्कम बाजूला काढावी. महिला बचत गटाने हे हाती घेतले तर फारच उत्तम. ओले लाकूड फुंकण्याचा त्रास ज्यांना होतो, त्या यंत्राची निगा जास्त आस्थेने राखतील.

वेळही पाळली पाहिजे. लाकूड पौष-माघात फोडावे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवावे आणि मृगाच्या आत खोपीत रचावे. साल असलेला अखंड ओंडका लवकर सुकत नाही, फोडलेला सुकतो. ओल्या लाकडाची काही आच पाणी उडवण्यातच जाते. मे अखेरीस घाईने फोडलेले लाकूड यंत्राने फोडले काय नि कुऱ्हाडीने काय, धूरच देणार.

आणि यंत्र हाताशी आले म्हणून झाडावर हात टाकू नये. ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस अशा झाडांच्या तोडीला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. पडलेले, वठलेले आणि छाटणीचे लाकूड आधी संपवावे. तेवढे नीट फोडून वाळवले तरी पुष्कळ घरांचा पावसाळा निभावेल. येत्या दिवाळीत चाकरमानी गावी येतील, तेव्हा गावकीच्या बैठकीत हा विषय काढावा. घरागणिक एक यंत्र घेण्यापेक्षा वाडीला एक बरे.