स्वेच्छा कुणाची?



आता माणूस काढताना कुणी गचांडी धरत नाही. टेबल मांडतात, चहा येतो. इकडे मॅनेजमेंट, तिकडे मान्यताप्राप्त युनियन, मधे कागद : स्वेच्छानिवृत्ती.

शब्द साधा नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगार कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छेनं जाणाऱ्याला वगळलं. मोठ्या कारखान्याला कपातीसाठी सरकारी परवानगी हवी. पण कामगारानंच सही ठोकली तर कसली परवानगी अन् कसलं काय! २०२० च्या नव्या संहितेनं ही फट तशीच ठेवली, वर परवानगीची अट १०० कामगारांवरून ३०० वर नेली.

तळेगाव बघा. जनरल मोटर्सनं डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं. २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचा करार केला. करारात जमीन, इमारती, यंत्रं. माणूस नाही.

भरपाई मिळते, खरंय. पण एकच चेक दोन घरांत सारखा नसतो. ज्याचा सातबारा आहे तो शेतावर जाईल, गाळे बांधेल. आमच्या माणसाचा सातबारा म्हणजे पर्मनंटचं पत्र. गावकुसाबाहेरून आलेल्यानं परत कुठं जायचं? दुसरी वाटच नसताना घेतलेली सही स्वेच्छा कशी? मेलेलं ढोर ओढणंही गावाच्या लेखी आमची राजीखुशीच होती!

अन् ठेकेदाराचा पोरगा, झाडूवाला, कॅन्टीनवाला? त्यांना त्या टेबलावर खुर्चीच नाही.

१९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तेव्हा गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून बाटायची भीती! सोबतीच्या कामगारालाच विटाळ होत होता.

मी युनियन मोडा म्हणत नाही. ती मोडली तर पहिले आपणच चिरडले जाऊ. पण तिला दरडावून विचारायचा हक्क आपला आहे. वाटाघाटीत ठेकेदारी कामगारांचा माणूस बसवा. काढलेल्यांची जातवार मोजणी जाहीर करा. रोजगाराच्या नावानं एमआयडीसीनं दिलेली जमीन हात बदलते, तर तिच्यावरची नोकरीही नव्या मालकाकडे गेली पाहिजे.

भोसरी, चाकण, पिंपरीत राहणाऱ्या पोरांनो, आपापल्या गेटवर हे तीन सवाल घेऊन उभे राहा. पुढच्या करारावर सह्या पडण्याआधी.

जय भीम!